न चालवलेली जोडी

वायनडॉट, १४ जानेवारी २०२४

क्लेम,

पाकिटावर तुझ्या वहिनीचं, बर्निसचं अक्षर बघून तू ते उघडलं असशील. आतलं माझं आहे. आता उघडलंच आहेस तर वाच, भावाचं पत्र वाचून कुणाचा हात झडत नाही. अक्षर एवढं मोठं का, ते पुढे कधीतरी सांगेन.

पत्र कामाचं आहे. परवा टोलेडोहून एक माणूस माझी मस्टँग बघायला आला होता. जाणकार वाटला. गॅरेजमध्ये यायच्या आधी त्याने बुटांवरचं बर्फ झटकलं, मग बूटच काढले. काठीला बांधलेला आरसा गाडीखाली सरकवून पाऊण तास ओणवा होऊन बघत होता. सीटवरचं प्लास्टिक, काचेवरचा कारखान्याचा कागद, आरशाला लटकवलेलं कार्ड, सगळं जिथल्या तिथे. मीटरवर सात मैल. मी त्याला म्हटलं, हे सातही कारखान्यातल्या पोरांनी आणि शोरूमवाल्याने घातलेत, माझा त्यात एक इंच नाही. उंदरांसाठी आत ठेवलेल्या सुगंधी चिंध्यासुद्धा त्याने हुंगून बघितल्या आणि मान डोलावली.

मग भिंतीवरचा आपला फोटो त्याच्या नजरेला पडला. प्रदर्शनातला, दोन्ही गाड्या शेजारी शेजारी, पुढे 'न चालवलेली जोडी' अशी पाटी, आणि मागे तू आणि मी पोटं आत ओढून उभे. तो म्हणाला, "हिची जोडीदारीण कुठे आहे?"

"भावाकडे. वर उत्तरेला, मोठ्या पुलापलीकडे."

"हे बघा, नुसती बंद टपाची कूपे मला कुठेही मिळेल. पण एका रंगाच्या, एकापाठोपाठच्या नंबरांच्या, एक बंद टपाची आणि एक उघड्या टपाची, दोन्ही कोऱ्या, अशी जोडी मी आजवर बघितलेली नाही. भाऊ हिवाळ्यात गाडी कुठे ठेवतात?"

मी विषय बदलला. युनियन हॉलमधल्या एकाने मला मागेच सांगितलं होतं की हरणाच्या शिकारीला तिकडे गेलो तेव्हा क्लेमची गाडी वाणसामानाच्या दुकानासमोर उघड्यावर उभी होती, आणि दारांच्या खाली, बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात ते मीठ पांढरं साचलं होतं. मी त्याला म्हटलं, दुसऱ्या कुणाची असेल. माझा भाऊ तीस वर्षं गाड्या बांधत होता, मीठ लोखंडाचं काय करतं ते त्याला मी सांगायला नको.

तर विचारायचं हे, की तिची अवस्था काय आहे? टपाचं कापड शाबूत आहे का? मीटरवर किती? मी तेव्हाच सांगत होतो, दोन्ही कूपे घेऊ. टप कापला की गाडीचा कणा कापला. मग खालून कितीही पट्ट्या जोडा, वजन तेवढं वाढतं आणि वळणावर कण्हायची ती कण्हतेच. बाबांच्या काळातल्या गाड्यांत उघड्या टपाला मान होता, कबूल. पण आत्ताच्या या गाड्या लोक जोरासाठी घेतात, त्यांना बंद टपच लागतो. तू ऐकलं नाहीस. म्हणजे डार्लीनने तुला ऐकू दिलं नाही. "छप्परच हवं असेल तर मी घरात बसेन की," म्हणाली होती, आणि शोरूममधली सगळी माणसं माझ्यावर हसली होती.

डार्लीन गेल्याचं दुःख मलाही आहे. भावजय म्हणून नव्हे, माणूस म्हणून ती मला आवडायची. पण एका गाडीपायी सख्खा भाऊ साडेदहा वर्षं तोंड दाखवत नाही, हे मी कुणाला सांगितलं तर तो मलाच वेड्यात काढेल.

बर्निसचा गुडघा बदलला. आपलं चर्च शेजारच्यात मिसळलं, आता रविवारी पार्किंगला जागा मिळत नाही. बाकी काही नाही. निदान मीटरचा आकडा तरी कळव.

नॉर्बर्ट


वायनडॉट, ११ फेब्रुवारी २०२४

क्लेम,

उत्तर नाही. बर्निस म्हणते, "मीही दिलं नसतं."

काल तिने विचारलं की मी त्या पत्रात लिहिलं तरी काय. मी म्हटलं, टोलेडोच्या माणसाबद्दल. ती भांडी विसळत होती, ती तशीच माझ्याकडे वळली, हातातून पाणी गळतंय. "दहा वर्षांनी भावाला पत्र लिहिलंस आणि त्यात गिऱ्हाइकाची गोष्ट? तुझ्यापेक्षा आपल्या गॅरेजमधले उंदीर शहाणे आहेत रे." मग म्हणाली, दुसरं लिहिणार असशील तर खरं लिही, नाहीतर मी पाकिटावर पत्ता घालणार नाही. आणि पत्ता तिलाच घालावा लागतो, तेच सांगायला बसलोय.

माझे डोळे चाललेत. दोन्ही. जे बघायला जावं नेमकं तेच पुसलेलं दिसतं, कडेकडेचं मात्र सगळं स्वच्छ. गेल्या वर्षी मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या हे चष्म्याने जाणारं नाही. सुया टोचतात डोळ्यांत, त्याने थोडं लांबतं. त्या म्हणाल्या, वाचणं आणि चेहरे, हे आधी जातं. बर्निसचे मला कान दिसतात, नाक दिसत नाही. ती म्हणते, लग्नाला बावन्न वर्षं झाल्यावर एवढं पुष्कळ आहे. दिवसभर माझी अशी चेष्टा करते आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडते. मला दिसत नसलं तरी ऐकू येतं.

टोलेडोच्या माणसाला मी त्याच दिवशी वाटेला लावलं होतं. गाडी विकायची नाहीच. तो फोटोकडे बघत राहिला तेव्हा मीही बघितलं, आणि फोटोत मला तुझ्या जागी एक डाग दिसला. माझं पोट दिसलं, दोन्ही गाड्या दिसल्या, तुझी टोपी दिसली. तू दिसला नाहीस. म्हणून पत्र लिहिलं. मला तुला बघायचंय क्लेम, अजून थोडंफार बघता येतंय तोवर. मीटरचं जाऊ दे.

आणि 'एका गाडीपायी' लिहिलं ते चुकलं. कशापायी ते तुला माहीत आहे आणि मलाही.

त्या वर्षी जूनच्या शेवटच्या रविवारी तू फोन केला होतास. डॉक्टरांनी हात टेकून डार्लीनचं कॅन्सरचं औषध थांबवून आठवडा झाला होता. तू म्हणालास, "नॉर्ब, तिला गाडीतून एक चक्कर हवी आहे. टप खाली करून. नदीकाठाने ट्रेंटनपर्यंत आणि परत."

मी म्हणालो, "तुझी दुसरी गाडी आहे की."

"तिला छप्पर आहे."

"काचा खाली कर मग."

मग म्हणालास, "पंधरा-वीस मैल होतील फार तर."

आणि मी तुला आपल्या कराराची आठवण करून दिली. दोघंही निवृत्त होईस्तोवर गाड्यांना हात लावायचा नाही. प्रदर्शनाला न्यायच्या तर ट्रेलरवर चढवून. माझ्या मीटरवर सात, तुझ्या आठ, ते आकडे तसेच ठेवायचे. आणि मग ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावर सगळ्या जगाच्या गाड्या निघतात तेव्हा दोघी एकदम बाहेर काढायच्या, पुढे तू, मागे मी. सहा वर्षं थांबलो होतो. तू त्याच वसंतात निवृत्त झाला होतास. मी म्हणालो, "सतरा ऑगस्ट. सात आठवडे राहिलेत. तिला सांग, पहिल्या सीटवर तीच बसेल."

"बरं," म्हणालास तू.

सोळा जुलैला ती गेली.

हे मी आज पहिल्यांदा कागदावर उतरवतोय. मी 'हो' म्हणायला हवं होतं. तू विचारायलाच नको होतंस असंही मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो, पण लहानपणापासून तू मला विचारतच आलास आणि मला ते आवडत आलं, मग आता कुठल्या तोंडाने बोलू.

परवा पोंचक्यांचा मंगळवार, उपास सुरू व्हायच्या आधी तळून खायचा. बर्निस आत आलुबुखाराचा मुरंबा भरलेल्या करणार आहे. तुला त्याच लागायच्या. डझनाच्या खाली तिला येत नाहीत आणि डॉक्टरांनी मला अर्धीच सांगितली आहे.

नॉर्ब


वायनडॉट, १० मार्च २०२४

क्लेम, दगडा,

तुझं कार्ड आलं. गोठलेल्या धबधब्याचं चित्र आहे असं बर्निस म्हणते, मला कडेची झाडं दिसली. मागचा मजकूर भिंगाने एकेक अक्षर करून वाचला, तिला वाचू दिला नाही. आता पाठ आहे.

'खालचा पत्रा कुजलाय. पाय ठेवतो तिथून रस्ता दिसतो. टप फाटलाय, चिकटपट्टी लावलीय. मीटरवर एक लाख चौदा हजार. चालते. मेमध्ये ये. तू चालवू नकोस, बर्निसला चालवू दे.'

एक लाख चौदा हजार! खोटं कशाला बोलू, भिंग पुन्हा ठेवून आकडा परत मोजला. त्या रंगाच्या, त्या वर्षीच्या उघड्या टपाच्या किती उरल्या असतील तुला ठाऊक आहे. मग मला हसू फुटलं. स्वयंपाकघरात एकटाच हसत बसलो होतो. बर्निस धावत आली, म्हणाली काय झालं, आणि मला सांगताच येईना. मग हसायचं रडं झालं. 'ये' लिहिलंस. 'या' नाही, 'ये'. बर्निस म्हणते ती आपोआप येतेच, गाडी चालवणाऱ्याला कोण आमंत्रण देतं.

आता तुला कार्ड पाठवल्याचा पस्तावा व्हायच्या आत मला दोन गोष्टी उरकून टाकू दे.

एक, दफनाचा दिवस. तू चर्चपासून दफनभूमीपर्यंत तिच्या पेटीमागून ती गाडी घेऊन आलास, टप खाली, शेजारच्या सीटवर तिची फुलं. भुरभुर पाऊस होता. सगळे रडत होते. मी तुझ्याजवळ आलो, तू मान वर केलीस, आणि मी म्हणालो, "सीटवरचं प्लास्टिक कुठाय?" भावाची बायको मातीत चालली आहे आणि मला प्लास्टिक दिसलं. तू मला मारायला हवं होतंस. तू नुसता बघत राहिलास आणि म्हणालास, "काढलं." तेवढंच. मला वाटतं त्यानंतर आपण एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही.

दोन, त्या डिसेंबरचं माझं पत्र. तू घर विकून वर निघून गेलास, गाडी मिठातून चालवतोस असं कानावर आलं, आणि मी तुला गाडीचं पोट कसं धुवायचं ते दोन पानं भरून लिहिलं. शिवाय गाडी धुवायच्या ठिकाणाच्या, एक धुलाई फुकट अशा सहा पावत्या जोडल्या. बर्निसला हे काल सांगितलं. तिने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "पावत्या इथल्याच दुकानाच्या ना? चारशे मैलांवर त्या चालत तरी होत्या का?" चालत नव्हत्या. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दोन्हींची माफी मागतो. उशीर झाला आहे, पण मागतो.

बर्निसने जाहीर केलंय की चारशे मैल जायचं तर आमच्या खटाऱ्यातून नाही, कूपेतूनच. मी म्हटलं, मीटर. ती म्हणाली, "तुला दिसतो तरी का मीटर?" पुढच्या महिन्यात पाऊस पडून रस्त्यांवरचं मीठ धुतलं गेलं की एक चक्कर मारून बघू म्हणते. या बाईने आयुष्यात एवढ्या ताकदीची गाडी चालवलेली नाही.

मेचा दुसरा आठवडा चालेल का? येताना सॉसेज आणतो, नेहमीच्या खाटकाकडचं. म्हातारा गेला, आता मुलगी बसते गल्ल्यावर, पण लसूण तेवढाच घालते.

तुझा भाऊ,
नॉर्ब


वायनडॉट, १५ एप्रिल २०२४

क्लेम,

हे पत्र बसून, हळूहळू वाच. वाचून झालं की मेचं काय ते तू ठरव.

काल गाडी काढली. आधी नवे टायर घातले. जुने दिसायला कोरे करकरीत होते, पण सोळा वर्षं एका जागी उभे राहून आतून दगड झालेले. प्लास्टिक बर्निसने काढलं, स्वयंपाकघरातली कात्री घेऊन. मी म्हणत होतो शिवणीवरून हलक्या हाताने ओढ, तोवर तिने कोंबडी सोलावी तसं टराटरा फाडलं. मग काचेवरचा कागद. मग आरशाचं कार्ड. माझ्या हातात सगळा चोळामोळा देऊन म्हणाली, "धर, तुझी ठेव."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीत शेजारच्या सीटवर बसलो. तिने इंजिन चालू केलं आणि शेजाऱ्यांचं कुत्रं घरात पळालं. "अगं बाई!" म्हणाली, आणि वीस वर्षांची असल्यासारखी हसली. कोपऱ्यावर गाडी थोडी उडाली, मग तिचा हात बसला. बिडल रस्त्याने खाली, नदीकाठाने ट्रेंटनपर्यंत आणि परत. वाट मी सांगितली नव्हती. तिने आपली आपण धरली.

ऊन छान पडलं होतं. मला समोरचं दिसत नाही, पण कडेचं दिसतं, त्यामुळे नदी दिसत होती, पाण्यावरची चमक दिसत होती. आभाळ मात्र नाही. डोक्यावर टप. मी या बंद टपासाठी आयुष्यभर भांडलो, कणा आणि ताकद आणि काय काय, आणि काल मला त्याखाली गुदमरल्यासारखं झालं. मी काच खाली केली. वारा एका कानाला लागला तेवढाच.

दारात गाडी थांबवून बर्निसने घड्याळ बघितलं. "बावीस मिनिटं," म्हणाली. इंजिन बंद केलं. मग म्हणाली, "एवढंच मागत होता ना क्लेम तिच्यासाठी?"

मी हो म्हटलं. पण ते पुरतं खरं नव्हतं, आणि ते मला तिच्याशेजारी बसून पुढे गिळवेना. मी तिला गाडीतच सांगितलं. आता तुला सांगतो.

क्लेम, तू फोन केलास त्यानंतर डार्लीनने मला स्वतः फोन केला होता. नऊ जुलै, मंगळवार, सकाळी दहाच्या सुमाराला. मी गॅरेजमध्ये होतो, कूपेला मेण चोळत होतो. एका हातात फडकं, दुसऱ्या हातात फोन. तिचा आवाज पातळ झाला होता, पण बोलणं तेच. म्हणाली, "नॉर्ब, त्याला हो म्हण ना. तो तुझं ऐकतो. माझं ऐकून कधी काही केलंय त्याने?"

मी म्हटलं, "ऑगस्ट, डार्लीन. पाच आठवडे."

ती म्हणाली, "मला डोक्याला वारा लागायला हवाय रे. आता तर केस विस्कटायची भीतीपण नाही."

आणि मी काय म्हणालो माहीत आहे? "मग थांब की, तोवर केस येतील."

ती हसली. म्हणाली, "बरं, नॉर्ब." आणि फोन ठेवला. मी फडकं उचललं आणि दाराचा राहिलेला भाग पुरा केला. एका आठवड्याने ती गेली.

हे मी कुणाला सांगितलं नाही. बर्निसला नाही, पाद्र्याला नाही. डॉक्टर काय म्हणाले होते ते मला तू सांगितलं होतंस, त्यामुळे कळलं नाही म्हणायची सोय नाही. तू विचारलंस तेव्हा मी तुला नाही म्हणालो, ते तुला माहीत आहे आणि त्यासाठी तू मला 'ये' लिहिलंस. पण तिने मागितलं, तिच्या तोंडाने, आणि तिला मी थट्टा करून वाटेला लावलं. हे ठाऊक नसताना तू दिलेली माफी घेऊन मी तुझ्या दारात आलो तर ती चोरी होईल.

'नाही' का म्हणालो, ते काल रात्रभर शोधत होतो. किमतीसाठी नाही. लोकांना वाटतं किमतीसाठी, मलाही तसंच वाटत होतं. खरं असं आहे की तीस वर्षं आपण एका लाइनवर शेजारी शेजारी उभे होतो. तू दारं लावायचास, मी काचा बसवायचो. मग मी निवृत्त झालो. तुला डार्लीन होती, तुमचं आपापसात हसणं होतं, दर शनिवारी कुठेतरी जाणं होतं. मला वाटायचं, त्या दोन गाड्या आहेत तोवर क्लेम माझा आहे. दर आठवड्याला तू बॅटरी बघायला यायचास, टायर बसू नयेत म्हणून आधी माझी, मग तुझ्याकडे जाऊन तुझी चार बोटं पुढे ढकलायचो, मग एकेक बिअर. तुझी गाडी आधी निघून गेली असती तर जोडी फुटली असती, आणि मग तू कशाला आला असतास? एवढ्यासाठी. मरणाऱ्या बाईला एक चक्कर मिळाली नाही ती एवढ्यासाठी.

बर्निस ऐकून घेऊन गाडीतून उतरली आणि आत गेली. काल संध्याकाळपासून माझ्याशी बोललेली नाही. आज सकाळी फक्त एवढंच म्हणाली, "पाकीट दे, पत्ता मी घालते."

तू नको म्हणालास तर मी येणार नाही, आणि तुला दोषही देणार नाही.

नॉर्ब


म्युनिसिंग, २७ एप्रिल २०२४

नॉर्ब,

हे बर्निस वाचून दाखवत असेल. दाखवू दे. बर्निस, पुढे काहीही आलं तरी थांबू नकोस.

ते मला माहीत होतं.

फोन मीच लावून दिला होता. तिच्या बोटांत तेवढाही जोर उरला नव्हता. मी पलंगावर तिच्या शेजारी बसलो होतो, आणि तुझा आवाज फोनमधून शेजारच्या घरापर्यंत जातो. केसांचं ऐकलं मी. ती हसली ते मात्र खरंच हसली, तुझं मन राखायला नाही. तिला तो विनोद आवडला. तेवढं मनातून काढून टाक.

तू कधीतरी सांगशील म्हणून पहिली काही वर्षं वाट बघितली. मग वाट बघायचंही सोडलं. कार्ड पाठवलं ते तुझ्या डोळ्यांसाठी, माफीबिफी काही नाही. तू ती माफी समजून बसलास आणि वर ती परत द्यायला निघालास. तू आहेस असा.

आता मी एक सांगतो. मीपण कुणाला सांगितलेलं नाही.

गाडी माझ्या नावावर होती. बायको माझी होती. चावी सकाळपासून माझ्या खिशात होती, कारण मला वाटत होतं ती बोलली तर तू हो म्हणशील. तू चार गल्ल्या पलीकडे राहत होतास. मी गाडी काढली असती तर तू काय करणार होतास, आडवा पडणार होतास? साठ वर्षांचा माणूस मी, आणि मोठ्या भावाची परवानगी नाही म्हणून बसून राहिलो. त्या गाडीवर मी नंतर एक लाख चौदा हजार मैल घातले. ते तुझ्यावरच्या रागाने घातले असं मी सगळ्यांना सांगत आलो. तुझ्यावर रागावणं सोपं होतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात या. शनिवार बरा. वरची खोली झाडून ठेवतो. बर्निस, पुलावर वारा असतो, मधल्या लोखंडी जाळीच्या रस्त्यावरून जाताना सावकाश घे, आणि त्याला बाहेर बघू दे, नाहीतर उगाच रस्ता सांगत बसेल.

त्या मंगळवारी ती तयार होऊन बसली होती, नॉर्ब. जुलै असून अंगात कोट, कारण तिला सारखी थंडी वाजायची. काळा चष्मा. बाहेर जायचे बूट, मीच घातले होते. तिने फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "ऑगस्ट तर ऑगस्ट." मग ती उठली नाही. माझ्याकडे बघत तशीच बसून राहिली. मी तेव्हा म्हटलं, दमली असेल. ती वाट बघत होती, मी काय करतो त्याची.

गॅरेजचं दार पलंगापासून वीस पावलांवर होतं. मी खाली बसलो आणि तिच्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

क्लेम